दूरच्या दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करावा

उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता सुटलेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेदहाला उतरतं. असं तिकीट पहिल्यांदा हातात पडलं की माणूस बुचकळ्यात पडतो. निघायच्या आधीच पोहोचलो कसे? छपाईत काहीतरी गडबड झाली असणार, असंच वाटतं. गडबड काही नसते. अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर, आणि विमानाला लागतात साडेनऊ तास. परतीच्या वाटेवर तेवढंच अंतर कापायला ११ तास लागतात आणि घड्याळ भलतंच काहीतरी दाखवतं: सोमवारी दुपारी १ ला निघालात तर मंगळवारी दुपारी ४ ला उतरता.

म्हणजे ‘किती लांब?’ याचं उत्तर एक, पण ‘किती वेळ?’ याची उत्तरं तीन. विमानाला लागणारा वेळ, घड्याळात दिसणारा वेळ आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ. इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की आकडा लगेच मिळतो, पण तो यातला कुठला आहे हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. गेली कित्येक वर्षं नात्यातल्या माणसांचे लांबचे प्रवास मी कागदावर मांडून देतो. त्यावरून सांगतो, हा हिशेब एकदा तरी स्वतःच्या हातानं करावा. अवघड काहीच नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी विमानतळ पक्का करा

शहराचं नाव पुरेसं नसतं. प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो, आणि हिशेब त्या कोडवरून करायचा. सिडनी म्हटलं की ऑस्ट्रेलिया आठवतं, पण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्येही एक सिडनी आहे आणि तिथे विमानतळही आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा कोड ‘एसवायडी’, कॅनडातल्याचा ‘वायक्यूवाय’. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे, तसंच कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजेच. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातही. चुकीचं शहर निवडलं गेलं तर अंतरात काही हजार किलोमीटरचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट, एका शहराला अनेक विमानतळ असतात. लंडनच्या नावावर सहा आहेत: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड. टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर. हवाई अंतरात हे ६० किलोमीटर कुठेच दिसत नाहीत. उतरल्यावर मात्र रेल्वेत बसून ते काढावे लागतात. कित्येक संकेतस्थळं अंतर मोजतात ते शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत. विमान तर मध्यातून उडत नाही. लांबच्या प्रवासात हा फरक किरकोळ वाटतो आणि आकड्यापुरता तो असतोही, पण विमानतळ पक्का नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळीत होतात.

अंतर: पृथ्वीगोल आणि दोरा

इथे थोडं रेंगाळू या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पॅसिफिक मधोमध असलेल्या भिंतीवरच्या नकाशात बीजिंग आणि न्यूयॉर्क शोधा. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ४० अंश उत्तरेच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ आडवी रेघ निघते आणि ती पॅसिफिक महासागरावरून जाते. त्या रेघेनं, म्हणजे ४० अंशांच्या अक्षवृत्तावरून, विमान गेलं तर त्याला १४,००० किलोमीटरहून जास्त अंतर पडेल. खरं सर्वात कमी अंतर आहे सुमारे ११,००० किलोमीटर, आणि ती वाट उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते. तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा फरक, आणि तो नुसत्या नकाशामुळे.

यात नकाशा करणाऱ्याची चूक नाही. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरायचा तर कुठेतरी ताणावंच लागतं. आपण शाळेत पाहिलेल्या बहुतेक नकाशांची पद्धत गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली मांडली, ती जहाजांसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून चालत राहायचं, तर त्या नकाशावर वाट सरळ रेघेत दिसते. दर्यावर्दींची सोय झाली, पण ध्रुवांजवळचे प्रदेश अवाढव्य फुगले. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळजवळ चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचंच नाही.

मोजायचं कसं? घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक बीजिंगवर बोटानं दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताणा. आधी तो पॅसिफिकवर ठेवलात तरी ताण बसला की तो आपोआप वर सरकतो, सायबेरियाच्या टोकावरून आर्क्टिककडे, आणि एका जागी घट्ट बसतो. तीच सर्वात जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात, वैमानिक ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात. आता दोरा पट्टीवर धरा. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्याचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका सेंटीमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. बीजिंग-न्यूयॉर्कचा दोरा २६ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. २६ गुणिले ४२५, म्हणजे ११,०५०. एवढं नेमकं उत्तर दोऱ्यानं मिळतं याचं मला आजही अप्रूप वाटतं. मुलांना हे जरूर करून दाखवा.

गोल नसेल तर गणित आहे. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एवढं लक्षात ठेवा. दोन शहरं साधारण एकाच रेखांशावर, एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला असतील, तर अक्षांशांमधला फरक काढा आणि १११ नं गुणा. बीजिंग आणि न्यूयॉर्कसारखी उत्तर ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असतील तर ध्रुवावरून बेरीज करा: बीजिंगपासून ध्रुव ५०.१ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ४९.३ अंश, मिळून ९९.४. गुणिले १११, म्हणजे ११,००० च्या थोडं वर. दोऱ्यानं जे सांगितलं तेच.

मधल्या सगळ्या जोड्यांसाठी सूत्र असं:

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांमधला फरक)

यातून जो कोन अंशांमध्ये निघेल त्याला १११.२ नं गुणलं की किलोमीटर. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना ते पाहून घ्या. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर अंश आधी रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, बदलावे लागतात. उत्तर विचित्र आलं तर बहुतेक वेळा चूक इथेच सापडते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे या उत्तरात जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होतं. प्रवासाच्या हिशेबाला तेवढं चालतं. एवढं करायचं नसेल तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’सारख्या संकेतस्थळावर दोन विमानतळांचे कोड टाकले की आकडाही मिळतो आणि वाटेचं चित्रही.

एककाकडे मात्र लक्ष असू द्या. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. ‘३,००० मैल’ वाचलंत तर कुठले मैल ते आधी पाहा.

आणखी एक पडताळा. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी लांब असूच शकत नाहीत, कारण तो अर्धा घेर झाला. स्पेनमधलं माद्रिद आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन ही जवळजवळ पृथ्वीच्या आरपार समोरासमोरची शहरं, आणि त्यांच्यातलं अंतर २०,००० च्या जरासं आतच आहे. कुठे २३,००० किलोमीटर हवाई अंतर दिसलं तर ते सरळ अंतर नाही, मधल्या थांब्यांची बेरीज आहे असं खुशाल समजा.

अंतरावरून वेळ

मोठी प्रवासी जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८५ पट वेगानं उडतात. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, आणि तिथे हा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर भरतो. पण वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जायला वेळ लागतो, आणि वाट अगदी दोऱ्यासारखी सरळ कधीच नसते. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० नं भागा आणि अर्धा तास वाढवा.

करून पाहू. सिंगापूर-न्यूयॉर्क सुमारे १५,३०० किलोमीटर. भागिले ८५०, १८ तास. अर्धा तास धरून साडेअठरा. जगातल्या सर्वात लांब नियमित उड्डाणांपैकी हे एक, २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेलं, आणि वेळापत्रकात त्याला १९ तासांच्या जरा आत वेळ दिलेला असतो. पर्थ-लंडन सुमारे १४,५०० किलोमीटर, हिशेबानं साडेसतरा तास, आणि प्रत्यक्षातही तितकेच. टोकियो-सॅन फ्रान्सिस्को ८,३०० किलोमीटर म्हणजे सव्वादहा तास. जातानाचे साडेनऊ आणि येतानाचे अकरा यांच्या बरोबर मधोमध. दीड-दोन हजार किलोमीटरच्या आतल्या उड्डाणांना हा ठोकताळा लावू नका; तिथे चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जातो.

तिकिटावरचा कालावधी हा ‘ब्लॉक टाइम’ असतो. गेटवर उभ्या विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या गेटवर ते परत लावेपर्यंतचा वेळ. हवेत असण्याचा वेळ यापेक्षा कमी. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर पोल्डरबान नावाची धावपट्टी इमारतींपासून इतकी दूर आहे की उतरल्यावर गेटपर्यंत पोहोचायलाच पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. शिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी सूट राखून ठेवतात. विमान २० मिनिटं उशिरा सुटून वेळेवर पोहोचतं ते यामुळेच.

वारा: जाताना आणि येताना वेळ वेगळा का

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून विमानाला एका दिशेनं जास्त वेळ लागतो, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडतं. खरा फरक पडतो वाऱ्यामुळे.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं जिथे उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, आणि त्यात पृथ्वीचं फिरणं, यांतून हे झोत तयार होतात. हिवाळ्यात तापमानातली तफावत वाढते तसा त्यांचा जोर वाढतो. ताशी २०० किलोमीटरच्या वर तर ते सहज जातात. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञांनी आकाशात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी तो अहवाल एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत प्रसिद्ध केला, जगभर वाचला जावा म्हणून, आणि त्याच कारणानं तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना याच वाऱ्यांनी हैराण केलं.

हिशेबात हे कसं बसवायचं ते पाहा. ८,००० किलोमीटरचा पल्ला, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १००. पाठीवर वारा असेल तर जमिनीच्या मानानं वेग १,०००, वेळ ८ तास. तोंडावर असेल तर वेग ८००, वेळ १० तास. दोन तासांचा फरक! आणि गंमत अशी की जाऊन-येऊन हा फरक फिटत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १७ तास ४७ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे १८ लागले. तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं म्हणून.

म्हणून ठोकताळ्यानं काढलेल्या वेळात, पूर्व-पश्चिम लांब प्रवास असेल तर पूर्वेकडे जाताना अर्धा ते पाऊण तास वजा करा आणि पश्चिमेकडे जाताना तेवढाच मिळवा. उत्तर-दक्षिण प्रवासात हा फरक बहुतेक वेळा नगण्य. लंडन-न्यूयॉर्क अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या जरा वर. न्यूयॉर्ककडे जायला आठ तासांच्या आसपास, यायला सातच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोहोचलं होतं. असा दिवस क्वचितच येतो, त्यावर बेत आखू नका.

वाऱ्यामुळे वाटही बदलते. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे याचं सर्वात बोलकं उदाहरण. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेनं जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पहिल्यांदा पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटरनं जास्त, पण वारा पाठीवर. वेळ वाढायच्या ऐवजी जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

कधी वाट बदलते ती माणसांमुळे. हेलसिंकी-टोकियो सरळ अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास, रशियावरून. २०२२ च्या सुरुवातीला रशियाचं आकाश युरोपच्या विमान कंपन्यांना बंद झालं आणि साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास थेट १३ तासांवर गेला. काही उड्डाणं तर उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जाऊ लागली. अंतर शोधून देणारी संकेतस्थळं आजही तेच ७,८०० दाखवतात. त्यांच्या लेखी दोन बिंदू जागचे हललेले नाहीत ना! म्हणून मोजलेलं अंतर आणि उडलेलं अंतर या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा.

घड्याळ आणि तारीख

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात. निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची, पोहोचण्याची पोहोचण्याच्या शहराची. त्यांची थेट वजाबाकी कधीच करू नका. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये आणा, मग वजा करा.

सुरुवातीचं उदाहरण घेऊ. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे. संध्याकाळचे ५ म्हणजे १७:००. वजा ९, यूटीसी ८:००. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात ७ तास मागे. सकाळचे १०:३० अधिक ७, यूटीसी १७:३०. साडेसतरा वजा आठ, साडेनऊ तास. कोडं सुटलं. परतीचं तुम्ही करून पाहा, अकरा यायला हवेत.

‘उन्हाळ्यात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. अनेक देश वर्षातले काही महिने घड्याळ तासभर पुढे सरकवतात, आणि ते सगळे एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा ५ तासांचा फरक ४ वर येतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे लंडन-सिडनीचा फरक वर्षभरात ९, १० किंवा ११ तास असा बदलतो. म्हणून फरक पाहायचा तो प्रवासाच्या तारखेचा, आजचा नव्हे. काही देशांचा फरक पूर्ण तासांत नसतो हेही ध्यानात असू द्या: भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

पोहोचण्याच्या वेळेशेजारी ‘+१’ असेल तर दुसऱ्या दिवशी, ‘+२’ असेल तर तिसऱ्या दिवशी. पॅसिफिकवरून पूर्वेला जाताना कधीकधी ‘-१’ही दिसतं.

आणि आता ती चूक, जी मी घरातच होता होता पाहिली. मावशीचं विमान १४ तारखेला ००:३५ ला होतं. १३ च्या संध्याकाळी मी सहज फोन केला, तर ती निवांत कपडे इस्त्री करत होती.

“अरे, चौदाला आहे विमान. आज तेरा.”

“मावशी, चौदा तारीख आज रात्री बाराला लागते. पाच तासांत विमान सुटतंय.”

पलीकडे काही क्षण नुसती शांतता. विमान मिळालं, पण अर्धी बॅग घरीच राहिली. तेव्हापासून मध्यरात्रीनंतर सुटणारं कुठलंही विमान मी कागदावर दोनदा लिहितो: ‘१४ तारीख ००:३५’ आणि त्याखाली ‘१३ च्या रात्री ९ च्या आत विमानतळावर’. तुम्हीही लिहा.

थेट, न थांबता आणि बदलून

‘नॉन-स्टॉप’ म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्लाइटचा नंबर एकच, पण मध्ये थांबा असू शकतो. दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात आणि फसगत होते. थांब्यांचा आकडा वेगळा पाहून घ्या.

विमान बदलायचं असेल तर वाटेतलं शहर दोऱ्याच्या रेषेपासून किती बाजूला आहे ते पाहा. लंडन-सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलात तर दोन टप्प्यांची बेरीज १७,२०० च्या आसपास, म्हणजे वळसा जवळजवळ नाहीच. दुबईमार्गे साडेसतरा हजार, तेही ठीक. लॉस एंजेलिसमार्गे २०,८०० च्या आसपास, म्हणजे विमानात चार-साडेचार तास जास्त बसणं आलं. स्वस्त तिकीट समोर आलं की आधी ही बेरीज करा. दोन-तीनशे किलोमीटरचा वळसा विसरून जा. तीन हजारांचा अंगावर येतो.

मधल्या थांब्याचा वेळ ठरवताना माझं मत जरा सावध आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर दोन ते तीन तास पुरतात, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं सहसा कंपनीकडे असतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पुढचं विमान चुकल्यास तो भुर्दंड तुमचा, शिवाय बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. तिथे सहा तासही मला कमीच वाटतात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनच्या रांगेतून जावं लागतं, आणि त्यासाठी तसा व्हिसा किंवा परवानगी लागते. दुसऱ्या देशांतही ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढायच्या आधी पाहा.

घरापासून घरापर्यंत

आता सगळं एकत्र मांडू. लंडनहून सिडनीला, सिंगापूरमार्गे, जुलैमध्ये. विमान शुक्रवारी रात्री ९ ला. पहिला टप्पा १३ तास, थांबा २ तास, दुसरा टप्पा ८ तास, मिळून २३. रात्रीचे ९ म्हणजे यूटीसी २०:००. अधिक २३, शनिवारी यूटीसी १९:००. सिडनी जुलैमध्ये १० तास पुढे, म्हणजे रविवारी पहाटे ५.

पण तुम्ही घरातून ९ ला निघत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायचं, वाटेत दीड तास, म्हणजे शुक्रवारी दुपारी साडेचारला घराबाहेर. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि मुक्कामापर्यंतचा प्रवास यांना अडीच तास धरा. दार उघडेल रविवारी सकाळी साडेसातला. घड्याळाच्या काट्यांवर ३९ तास दिसतात, तुमच्या अंगावरून जातात ३०, त्यातले विमानांत २१. कुणी न्यायला येणार असेल तर त्यांना ‘रविवार पहाटे ५, सिडनीची वेळ’ असं वार आणि शहरासकट कळवा. ‘शुक्रवारी रात्री निघतोय, २३ तासांनी पोहोचेन’ असं कळवलंत तर ते बहुतेक शनिवारी रात्री येऊन उभे राहतील.

पोहोचल्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी जुळायला ढोबळमानानं एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे गेल्यावर बहुतेकांना जास्त जड जातं.

निघायच्या आठवडाभर आधी एक काम करा. फ्लाइटरडार२४ किंवा तशाच एखाद्या ॲपवर आपल्या फ्लाइटचा नंबर टाका आणि मागच्या सात-आठ दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता सुटलं, किती वाजता पोहोचलं ते पाहा. पडद्यावर वाटही उमटलेली दिसते. ती तुमच्या दोऱ्याच्या रेषेवर ठेवून पाहा. जिथे ती रेषा सोडून बाजूला गेली असेल तिथे एकतर वारा असेल, नाहीतर बंद आकाश. आठ दिवसांतले पाच दिवस विमान तासभर उशिरा पोहोचत असेल आणि पुढचं विमान पकडायला तुमच्याकडे दीडच तास असेल, तर अजून वेळ आहे. फोन करून पुढचं विमान बदलून घ्या.